लेसची कड

"कड वाकडी गेलीय. उसव," रिबेकाबाई म्हणाल्या.

"कुठपासून?"

"ह्या टाचणीपासून. खाली सगळं."

त्यांनी बोट ठेवलं त्याच्या खाली माझं आठवडाभराचं काम होतं. पहिली टाचणी उपसली, काड्यांच्या दोन जोड्या हातात घेतल्या आणि उलट्या क्रमाने सोडवायला लागले. रिबेकाबाईंनी स्टूल ओढलं, चष्मा पदराने पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि माझ्या अगदी शेजारी, कोपराला कोपर लागेल अशा बसल्या. मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मिशनच्या शाळेतल्या जुन्या मॅडम, पुण्याला दिलेली मुलगी करुणा, तिच्या सोसायटीत येणारं करंगळीएवढं पाणी, आणि वांग्याचं भरीत केलं की ताटावरून उठून जाणारा त्यांचा कैलासवासी नवरा. "कैलासवासी नाही ग, प्रभूत निद्रिस्त," असं त्या स्वतःच दुरुस्त करत आणि हसत. दिवेलागण होईपर्यंत हे चालायचं.

कड वाकडी नव्हती. मला ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनाही दिसतंय, अशी माझी पक्की समजूत होती.

तेव्हा मी तालुक्याच्या गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. माझं लग्न राहून गेलं होतं. असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे कुणी धडपणे विचारलंच नाही, आणि मग आईचं दुखणं निघालं. आई गेल्यावर भाड्याच्या खोलीत मी एकटी उरले. दिवसभर गावातली माणसं माझ्या कानात बोलायची. बारशाची आमंत्रणं, भांडणं, कांद्याचे भाव, कुणाचं पोर नापास झालं ते सगळं मला ठाऊक. पण त्यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नसायचं. "लागला का हो नंबर?" एवढंच माझ्या वाट्याचं. ड्यूटी संपली की खोलीवर जायचं, एका माणसाचा भात टाकायचा आणि रेडिओ लावायचा, कारण तिथे निदान कुणीतरी नमस्कार म्हणायचं.

रिबेकाबाई वाघचौरे एकदा करुणाला ट्रंक कॉल लावायला आल्या आणि लाइन मिळेना म्हणून खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिल्या. मिशनच्या शिवणवर्गात त्यांनी उभा जन्म शिकवण्यात घालवला होता. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट. बराच वेळ त्या बोर्डावर दोऱ्या जोडणारे माझे हात बघत होत्या.

"तुझं नाव काय ग?"

"शरयू. शरयू कुलथे."

"एकीवरून एक एवढ्या दोऱ्या नेतेस आणि गुंता होत नाही. संध्याकाळी काय करतेस?"

काय सांगणार? "काही नाही," म्हटलं.

"मग चर्चच्या आवारात ये. मागची खोली. तुला लेस शिकवते."

कॉल शेवटपर्यंत लागला नाही. मी मात्र दुसऱ्याच दिवशी गेले.

लेस म्हणजे मला दुकानात वारावर मिळते तीच ठाऊक होती. इथे भुसा ठासून भरलेली गोल, टणक उशी होती. तिच्यावर नमुन्याबरहुकूम भोकं पाडलेला पुठ्ठा. भोकांत टाचण्या, टाचण्यांवरून सोडलेले दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोटाएवढी गुळगुळीत लाकडी काडी. काड्या नेहमी जोडीने, आणि एका वेळी दोन जोड्या हातात. सुई नाही, गाठ नाही. हालचाली दोनच. 'आड' म्हणजे मधल्या दोन काड्यांतली डावी उजवीवरून न्यायची. 'पीळ' म्हणजे प्रत्येक जोडीतली उजवी तिच्या डावीवरून. आड, पीळ, टाचणी. एवढ्यावर सगळं जग चालतं, असं रिबेकाबाईंचं म्हणणं.

पहिल्या आठवड्यात मी हुशारी केली. काड्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीला रंगीत दोरा बांधला. रिबेकाबाई पोट धरून हसल्या.

"अग, नंबर काडीचा नसतो, जागेचा असतो! आत्ता ही तिसऱ्या जागेवर आहे म्हणून तिसरी. पुढच्या आडाला दुसरी होईल. काडीच्या मागे लागलीस तर संपलीस."

"आमच्याकडे ज्याचा नंबर त्याचाच असतो, बाई."

"म्हणून तर तुमचे नंबर लागत नाहीत."

दिवाळीपर्यंत माझा हात बसला. काड्यांचा खटखट आवाज सलग यायला लागला. आणि नेमकी तेव्हाच मला धास्ती वाटू लागली. रिबेकाबाईंचा एक शिरस्ता होता. शिकणारीने चर्चमधल्या वेदीच्या कापडाला लावायची एक लांब लेस पुरी करायची. ती झाली की शिक्षण संपलं. माझ्या आधी आलेल्या बायका लेस पुरी करून, पेढे ठेवून गेल्या होत्या आणि पुन्हा कधी फिरकल्या नव्हत्या. भिंतीशी त्यांच्या रिकाम्या उशा एकीवर एक रचलेल्या होत्या. माझी लेस रोज वाढत होती. ती संपली की मी कोणत्या निमित्ताने यायचं? मी ख्रिस्ती नाही, नात्याची नाही, शेजारची नाही. नुसतं "बसायला आले" म्हणून कुणाच्या दारात जायची मला सवय नव्हती, आणि लाज तर होतीच.

अशात एके दिवशी रिबेकाबाई म्हणाल्या, "कड वाकडी गेलीय."

लेसला एक बाजू नागमोडी असते आणि एक सरळ. सरळ कडेनेच ती कापडाला शिवतात, म्हणून ती वाकडी गेली की सगळं काम फुकट. दोरा सैल सोडला तर तसं होतं. मी निरखून बघितलं. दोरा सैल नव्हता. टाचण्या एका ओळीत उभ्या होत्या. मी मान वर केली तर रिबेकाबाई माझ्याकडे बघून मंद हसत होत्या.

मला वाटलं, मला कळलं. यांनाही मी जायला नकोय. यांनाही संध्याकाळ खायला उठते. तोंडाने कोण म्हणणार? म्हणून हा बहाणा. मी लगेच उसवायला घेतलं, आणि त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या.

त्यानंतर हे चालूच राहिलं. मी चार बोटं पुढे जायची, त्या तीन बोटं मागे आणायच्या. मी लेस करताना त्या खोलीभर फिरत, कपाट आवरत. उसवताना मात्र शेजारी बसत, कारण उसवताना दोरा तुटतो आणि लक्ष ठेवावं लागतं. नाताळ गेला, ईस्टर गेला, लेस होती तिथेच होती. आमच्यात न बोलता एक करार झालाय, असं मी धरून चालले होते. तसं सुख मला फार वर्षांत मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यात छबू आली.

छबू मोंढ्यामागच्या वस्तीवरची. लग्न नुकतंच झालेलं, नवरा टेम्पो चालवायचा, सासू घरात बसून सगळ्यांना चालवायची. दवाखान्यात झाडलोट करताना तिने कुणाच्या तरी टेबलावर ही लेस पाहिली आणि विचारत विचारत इथवर आली. आली ती दारातच उभी राहून म्हणाली, "मला येईल का वो हे? माझं हात लई राठ हायेत."

"हात धुऊन ये, मग बघू," रिबेकाबाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "शरयू, हिला तू शिकव. मला आता बोलून दम लागतो."

मला ती मुळीच नको होती. आमच्या दोघींच्या खोलीत ही तिसरी कशाला, असं वाटून मी पहिले काही दिवस तिच्याशी फटकून वागले. पण शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं. आणि बोलताना कळलं की जे माझ्या बोटांना येतं ते मला सांगता येत नाही. नंबर काडीचा नसतो, जागेचा असतो, हे मी तिला तीन तऱ्हांनी सांगितलं. ती ढिम्म. मग एकदम म्हणाली, "म्हंजी वस्तीवर नळाला लाइन लागती तसं. मानूस म्होरं सरकतं, नंबर तितंच ऱ्हातो."

इतकी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती. पुढे मी कितीतरी जणींना शिकवलं, तेव्हा नळाची लाइनच सांगत आले.

छबूला घरून मुदत मिळाली होती. सासूचं म्हणणं असं, की रोज संध्याकाळी दोऱ्या हलवून येतेस, मग काय केलंस ते आणून दाखव, नाहीतर उद्यापासून बंद. त्या दिवशी छबू दवाखान्यातून धावतच आली. रुमालाच्या कडेला लागेल एवढी वीतभर लेस तिला पुरी करायची होती. मध्ये पाणी प्यायलाही उठली नाही. जीभ दातांत धरून ती आड, पीळ, टाचणी पुटपुटत होती. शेवटची टाचणी लावली आणि टाळी वाजवून म्हणाली, "झाली ताई! बाई, बघा की!"

रिबेकाबाई आल्या, वाकल्या, लेसवरून बोट फिरवलं. "छान ग. जाळी भरीव आलीय." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण कड वाकडी गेलीय. उसव."

"कुठून?"

"इथून."

जिथे बोट ठेवलं तिथून जवळजवळ सगळीच लेस उसवावी लागणार होती. छबूचा चेहरा उतरला. "आज न्यायची हाय वो बाई. आत्याबाईंनी सांगितलंय, आज न्हाई आनली तर..." तिने डोळे पुसले आणि गुपचूप टाचणीला हात घातला. बाईंच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे तीही शिकली होती, बहुतेक माझ्याकडे बघूनच.

मी कड बघितली. सरळ होती. नवख्या हाताची असून माझ्यापेक्षा सरळ.

आधी माझा जळफळाट झाला. म्हणजे हिलाही ठेवून घ्यायचंय का? मग राग आला. माझ्याशी खेळ चालला होता तो मी राजीखुशीने खेळत होते. छबूला कुठे माहीत होतं, खेळ चाललाय म्हणून? तिची तर उद्यापासून वाटच बंद होणार होती. पण मी तोंड उघडलं असतं तर माझाही खेळ तिथेच संपला असता. जिला छबूची कड सरळ दिसते तिला स्वतःची दिसत नव्हती, असं कोण म्हणेल? मग उसवायला कारण उरत नाही, लेस महिन्याभरात पुरी होते, आणि मग पुन्हा भात, रेडिओ आणि खोली. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. छबूने तोवर एक टाचणी उपसली होती.

"बाई, कड सरळ आहे," मी म्हणाले.

"नाही ग."

"सरळ आहे. छबू, थांब. ती टाचणी परत लाव."

रिबेकाबाईंच्या राज्यात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्या ताठ झाल्या. "शरयू, मी आयुष्यभर कडाच बघत आलेय."

मी कापायच्या टेबलावरची स्टीलची फूटपट्टी आणली आणि लेसच्या कडेला लावली. टाचण्या एकूण एक तिला टेकल्या. "हे बघा."

रिबेकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाक उशीला लागेल एवढ्या वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "ही फूटपट्टी कुणी वाकवली?"

मी हसले. मला वाटलं, खेळ उघडा पडला म्हणून थट्टेवारी नेतायत. पण छबू हसली नाही. ती हलकेच म्हणाली, "बाई, पट्टी सरळ हाय."

रिबेकाबाईंनी पट्टी उचलली. डोळे मिटून तिच्या कडेवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. डोळे उघडून पुन्हा बघितलं. मग खिडकीकडे बघितलं.

"ते गज?"

"सरळ आहेत, बाई," मी म्हणाले.

"आणि दाराची चौकट?"

"सरळ हाय," छबू म्हणाली.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "छबू, तुझी लेस उशीवरून उतरव, शरयू दाखवेल कशी ते. आणि सासूला दाखव. चांगली झालीय, सांग. मी सांगितलं म्हणून सांग." छबू गेल्यावरही त्या टेबलाला धरून उभ्याच होत्या. "मला वाटायचं, बोटं म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "बोटं म्हणायची सरळ आहे, डोळे म्हणायचे वाकडी. मी डोळ्यांचं ऐकत गेले."

मी त्यांना नगरला नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यामागचा पडदा मधोमध खराब झालाय, त्यात सरळ रेघ वाकडी दिसते, असं ते म्हणाले. दुखणं बरंच जुनं होतं. चष्म्याचा उपयोग नव्हता आणि पुढे आणखी कमी दिसणार होतं. करुणाला कॉल लावायचा होता तो मीच जोडला. त्या वेळी मात्र लाइन एका फटक्यात लागली. "बाई, बोला," म्हणाले आणि हेडफोन कानावरून काढून ठेवला. नोकरीत असं मी प्रथमच केलं होतं.

खोलीवर येऊन त्या दिवशी मी जेवले नाही. रिबेकाबाईंच्या डोळ्यांचं वाईट वाटत होतंच, पण त्याच्या तळाशी माझं स्वतःचं दुःख होतं आणि ते सांगायला कुणी नव्हतं. बहाणा नव्हता, करार नव्हता. त्यांना खरोखरच कड वाकडी दिसत होती. एवढे दिवस तो खेळ मी एकटीच खेळत होते.

करुणा आली. चांगली होती पोरगी, आईच्या पाठीवरून सारखा हात फिरवायची. सामान काही फार नव्हतं. तिने ते बांधलं, ती आवारातल्या त्यांच्या घराला कुलूप लावायला गेली आणि आम्ही दोघी शिवणखोलीच्या पायरीवर बसलो. रिबेकाबाईंनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"छबूला सोडू नकोस. आणि मग येतील त्यांनाही."

"बरं."

"तुझी लेस पुरी कर."

"करते."

मग त्या म्हणाल्या, "शरयू, एक विचारते. खरं सांग. तुझीही कड सरळच होती ना?"

मला खोटं बोलवेना. "हो."

"तेव्हाही? नाताळच्या आधी?"

"तेव्हाही."

"आणि तुला दिसत होतं ते?"

"दिसत होतं."

"छबूची एवढीशी लेस, तर भांडलीस माझ्याशी. मग स्वतःचं चांगलं काम उसवत का बसलीस ग इतके महिने?"

पायरीकडे बघत मी म्हणाले, "उसवायला घेतलं की तुम्ही शेजारी बसायचात. म्हणून."

रिबेकाबाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. हात चाचपडत आला आणि माझ्या गुडघ्यावर थांबला.

"अग वेडे," त्या म्हणाल्या, "मग तसं म्हणायचंस. मी नुसतीच बसले असते की."

घराकडून करुणाने हाक मारली, रिक्षा आली होती. "आले," त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. मीही हलले नाही. करुणाने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मीच त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.